स्कोअर-कार्ड आणि फलाशा

गोल्फ हा खेळ पोटापाण्यासाठी न खेळता केवळ आवडीने, रविवारच्या सकाळी किंवा कचेरी सुटल्यावर हाती लागणाऱ्या अवकाशात खेळणाऱ्या हौशी माणसाला जी एक विवंचना वर्षानुवर्षे सोडत नाही, ती म्हणजे आपल्या फटक्यांची संख्या कमी कशी व्हावी, आणि मोठ्या प्रयासाने एकदा कमी झालेली ती संख्या पुढच्याच आठवड्यात पूर्वपदावर का जावी, ही होय. या विवंचनेपायी तो पुस्तके वाचतो, शिक्षक ठेवतो, नवे क्लब खरेदी करतो. आणि अखेरीस कोणीतरी अनुभवी गृहस्थ त्याला सांगतात की, स्कोअरचा विचारच मनातून काढून टाका, म्हणजे स्कोअर आपोआप खाली येईल. हा उपदेश मराठी माणसाला ऐकताक्षणीच पटतो, कारण कर्म आणि फळ यांच्या संबंधाविषयी गीतेने जे सांगितले आहे, ते कीर्तनांतून, शाळेतून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्याच्या कानांवर पडलेलेच असते. परंतु पटलेल्या गोष्टीची छाननी केली असता तिच्यातली अडचण दिसू लागते. फळ अधिक मिळावे एवढ्याचसाठी जो फळाची इच्छा सोडतो, त्याने ती इच्छा सोडली असे म्हणता येईल काय? आणि खरोखरीच जर ती सोडली, तर मग स्कोअर कमी व्हावा असे त्याला वाटण्याचे कारणच काय उरले? हा प्रश्न खेळाच्या मैदानावर उद्भवला असला, तरी तो मूळचा धर्मविचारातला आहे, आणि त्याचे उत्तर शोधल्यावाचून वरचा उपदेश दुसऱ्याला करण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही, असे मला वाटते.

या प्रश्नाला गोल्फइतके अनुकूल क्षेत्र दुसऱ्या क्रीडाप्रकारात क्वचितच सापडेल. अठरा होलांची एक फेरी पुरी व्हायला चार तास लागतात. त्यांत नव्वद फटके मारणारा माणूस धरला, आणि प्रत्येक फटक्याला फार तर दोन सेकंद दिले, तरी प्रत्यक्ष कर्मात त्याची तीनच मिनिटे खर्ची पडतात. उरलेला सारा वेळ चालण्याचा, थांबण्याचा आणि विचार करण्याचा असतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू टाकतो, टेनिसमध्ये प्रतिस्पर्धी तो परतवतो, आणि तिथे प्रतिक्रियेच्या वेगात मनाला स्वतःशी भांडायला सवड मिळत नाही. इथे मात्र चेंडू निश्चल पडून असतो, त्याला कोणी हात लावीत नाही, आणि खेळाडूच्या मनात भूतकाळातल्या चुकीचा खेद आणि भविष्यातल्या आकड्याची आशा यांची ये-जा अखंड चालू राहते. आसक्ती म्हणजे काय हे ज्याला पुस्तकाबाहेर पाहायचे असेल, त्याने हे चार तास पाहावेत.

हा संबंध मी ओढूनताणून जोडतो आहे असेही नाही. स्टीव्हन प्रेसफील्ड या अमेरिकन लेखकाने 1995 साली 'द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स' ही जी कादंबरी प्रसिद्ध केली, तिची रचनाच भगवद्गीतेच्या धर्तीवर आहे. तिच्या नायकाचे नाव आर. जुना असे असून त्यात अर्जुन ऐकू येतो, आणि त्याला उपदेश करणाऱ्या कॅडीच्या नावात भगवान. त्याच्याही आधी, 1972 मध्ये, 'गोल्फ इन द किंग्डम' लिहिणारे मायकेल मर्फी हे तरुणपणी पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात राहून आलेले होते.

तथापि एक संकोच मनात राहतोच, आणि तो बोलून दाखवणे इष्ट. आपल्याकडे कर्मयोगाचे विवेचन ज्यांनी केले, त्यांपैकी कितीतरी जणांनी ते तुरुंगात बसून केले. टिळकांनी मंडालेच्या कैदेत गीतारहस्य लिहिले व 1915 साली ते प्रसिद्ध झाले. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. गांधीजींनी 1930 साली येरवड्याहून आश्रमवासीयांना गीतेवर पत्रे लिहिली. ज्या येरवड्यात तो तुरुंग आहे, त्याच येरवड्यात पुण्याचे गोल्फचे मैदानही आहे. भिंतीआड बसून, आपल्या कर्माचे फळ आपल्या हयातीत दिसेल की नाही याची शाश्वती नसताना, ज्या माणसांनी अनासक्तीचा अर्थ लावला, त्यांचे शब्द उंची बूट घालून हिरवळीवर फिरणाऱ्या सुखवस्तू माणसाच्या कामी लावावेत काय? मला वाटते, लावावेत. मात्र ते शब्द त्याचे ओझे हलके करण्यासाठी न वापरता त्याची परीक्षा घेण्यासाठी वापरावेत. मोठ्या संकटात माणूस कधी कधी संकटाच्याच बळाने उंच उठतो. ज्या प्रसंगाला काहीही महत्त्व नाही, ज्यात हरल्याने कोणाचे नुकसान नाही, अशा प्रसंगी त्याचे चित्त किती ढळते यावरून त्याच्या समत्वाचे माप अधिक अचूक घेता येते.

आता मूळ अडचणीकडे वळू. फळाची आशा सोडणे याचा अर्थ फळाकडे पाठ फिरवणे असा पुष्कळांनी घेतला आहे, आणि गोल्फमध्ये त्याचे रूपांतर 'कार्ड खिशात ठेवा, आकडे पाहूच नका' या सल्ल्यात झालेले आहे. टिळकांनी या गैरसमजाचा समाचार फार पूर्वीच घेतला. हेतू न धरता, साधनांचा विचार न करता वेड्यासारखे कर्म करीत सुटावे, असा कर्मयोगाचा अर्थ त्यांनी कुठेही केला नाही; योजना करावी, पुढचे-मागचे पाहावे, कर्म उत्तम रीतीने तडीस न्यावे, आणि ते फळ मला मिळालेच पाहिजे हा आग्रह तेवढा टाकावा, असा त्यांचा रोख आहे. रोमन तत्त्वज्ञ सिसेरोने इसवी सनापूर्वी 45 साली लिहिलेल्या 'दे फिनिबुस' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात स्टोइक मताचे समर्थन करताना केटोच्या तोंडी जो धनुर्धराचा दृष्टान्त घातला आहे, त्याचे तात्पर्य याच्या अगदी निकट येते: नेम साधण्यासाठी जे जे शक्य ते सर्व करणे एवढेच धनुर्धराचे अंतिम कर्तव्य, बाण लागणे हे निवडण्याजोगे खरे, पण तेच साध्य समजण्याजोगे नव्हे. दोन निरनिराळ्या भूमींवरचे विचारवंत एकाच जागी येऊन पोहोचले, हे मला नुसते योगायोगाचे वाटत नाही. धनुष्यातून सुटल्यानंतर बाणावर कोणाचीही मुखत्यारी चालत नाही, हे सत्य दोघांनीही पाहिले होते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. गोल्फ खेळणाऱ्याने ही यादी मैदानावर नेऊन ताडून पाहावी. अधिष्ठान म्हणजे ती भूमी, तिचे चढउतार, सकाळचे दव, पावसाळ्यानंतरचा पोसलेला आणि उन्हाळ्यातला करपलेला गवताचा थर. कर्ता म्हणजे तो स्वतः, त्या दिवशीच्या झोपेसकट आणि पाठदुखीसकट. करणे म्हणजे पिशवीतले चौदा क्लब आणि त्याचे दोन हात. चेष्टा म्हणजे पकड, उभे राहणे, खांद्याचे वळण, मनगटाचे सुटणे. आणि दैव म्हणजे उत्तम मारलेला चेंडू फेअरवेच्या मध्यावर पडून नेमका कोणाच्या तरी जुन्या फटक्याने उखडलेल्या खड्ड्यात जाऊन बसतो ते. पाचांत कर्ता एकच. जो स्वतःलाच सर्वस्वी कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कारहीन समजावी, असाही निर्वाळा तिथे दिला आहे, आणि हौशी खेळाडूचा संताप नेमका या अहंतेतून उपजतो; कारण पाच जणांनी मिळून केलेल्या कामाची सारी फिर्याद तो एकट्याच्या नावावर दाखल करतो, किंवा फळ चांगले आले तर सारी बक्षिसी एकट्याच्या खात्यावर जमा करतो. स्कॉटलंडमध्ये लीथ येथे 1744 साली जे तेरा नियम लिहिले गेले, तेव्हापासून या खेळाचा पाया एकच राहिला आहे: चेंडू जिथे पडला असेल तिथूनच तो खेळावा. त्या जुन्या नियमाला थोडे अपवाद पुढे जोडले गेले; पण जे प्राप्त झाले ते आधी स्वीकारावे आणि मग कर्म करावे, हा त्यातला अनुक्रम मात्र कोणी बदलला नाही.

आता आठ फुटांवरचा पट, म्हणजे ग्रीनच्या आखूड गवतावरून चेंडू होलकडे लोटण्याचा फटका, घेऊ, कारण हौशी माणसाच्या फेरीचे भवितव्य बहुधा तिथेच फिरते. चेंडू ग्रीनवर आहे, होल तीन पावलांवर आहे, जमीन किंचित डावीकडे उतरती आहे. तो खाली बसून रेषा पाहतो, उठतो, दोनदा नुसताच पटर हलवतो, आणि मारतो. चेंडू कडेला चाटून अडीच-तीन फूट पुढे जातो. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते केवळ दुःख नसते. आपला हक्क कोणीतरी बुडवला असा तो भाव असतो. आता वस्तुस्थिती पाहा. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यावसायिक सामन्यांतल्या असंख्य फटक्यांचा जो तपशील मांडला, त्यावरून असे दिसते की जगातले पट्टीचे व्यावसायिकही आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात, आणि वीस फुटांवरून शंभरांत साधारण पंधरा. म्हणजे ज्या फळावर या गृहस्थाने हक्क सांगितला, ते फळ या विद्येतल्या आचार्यांनाही दोनांत एकदाच मिळते. त्याचा हक्क खोटा होता, म्हणून त्याचा रोषही खोटा होता. आसक्तीला अज्ञानाचा आधार किती लागतो हे इथे उघड होते, आणि अनासक्तीचा आरंभ मन मारण्यापासून करण्यापेक्षा खरे प्रमाण जाणून घेण्यापासून करावा, असे मला निश्चितपणे वाटते. निम्मे पट चुकणार हे ज्याने मान्य केले, त्याला चुकलेला पट शांतपणे सोसण्यासाठी वेगळे तप करावे लागत नाही.

पुढे काय होते तेही पाहण्याजोगे आहे. रोषाच्या भरात तो उरलेल्या तीन फुटांचा पट रेषा न पाहताच ढकलतो, आणि तोही चुकतो. तिथून तो तावातावाने पुढच्या टीवर जातो, गेलेला फटका एका झटक्यात वसूल करण्यासाठी ड्रायव्हर उचलतो, शक्ती दुप्पट लावतो, आणि चेंडू झाडीत जातो. झाडीत त्याला दोन खोडांमधून हातभर रुंदीची फट दिसते, आणि सरळ बाजूला फेअरवेवर चेंडू काढण्याऐवजी तो त्या फटीतून ग्रीन गाठण्याचा घाट घालतो. विषयचिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, तिथून स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश, ही जी साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात दाखवली आहे, ती तिथे सूत्ररूपाने आहे. इथे ती वीस मिनिटांत, पाच-सहा फटक्यांत, डोळ्यांदेखत घडते. स्मृतिभ्रंश हा शब्द मला इथे विशेष यथार्थ वाटतो, कारण झाडीत उभा असलेला तो माणूस खरोखरीच विसरलेला असतो की अशी फट आजवर त्याला कितीदा हुकली आहे.

हौशी खेळाडूचा स्कोअर कुठे वाढतो याचे उत्तर या साखळीतच आहे. प्रत्येक होलला पारपेक्षा, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक फटका अधिक लागला, म्हणजे सरसकट बोगी झाली, तरी पार 72 च्या मैदानावर त्याची बेरीज 90 येते. पंचाण्णव-सत्त्याण्णवपाशी अडलेल्या माणसाला म्हणून अधिक बर्डींची, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी घेऊन संपवलेल्या होलांची, गरज नसते; त्याच्या कार्डावर जे तीन-चार सात-आठांचे आकडे असतात, ते पाच-सहांवर आणले की काम भागते. आणि ते आकडे बहुधा हाताच्या अकौशल्याने आलेले नसतात. एका चुकीचा बदला दुसऱ्या फटक्याने घेण्याच्या वृत्तीने ते आलेले असतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात योगाची दोन लक्षणे जवळजवळ लागून आली आहेत, एक समत्वाचे आणि दुसरे कर्मातील कौशल्याचे. ती दोन स्वतंत्र आहेत असे समजून पंडितांनी त्यांवर पुष्कळ खल केला, परंतु ज्याने झाडीतून बाजूला चेंडू काढण्याचा निर्णय एकदा तरी वेळेवर घेतला आहे, त्याला समत्व हेच तिथले कौशल्य होते हे सांगावे लागत नाही.

इथे आणखी एका प्रसिद्ध कथेचा विचार करणे मला आवश्यक वाटते, कारण ती एकाग्रतेचा आदर्श म्हणून खेळाडूंना वारंवार सांगितली जाते. द्रोणाचार्यांनी झाडाच्या शेंड्यावर कृत्रिम पक्षी ठेवला, आणि इतर शिष्यांना झाड, फांद्या, गुरू, बंधू सारे दिसले असता अर्जुनाला केवळ पक्ष्याचे मस्तक दिसले. कथा थोर आहे, परंतु ती अर्जुनाची आहे. ज्याचा बाण जिथे पाहावे तिथेच जातो, त्याने लक्ष्याच्या बिंदूवाचून दुसरे काही पाहू नये हे उचितच. पण अठराच्या हँडिकॅपचा, म्हणजे सुमारे दर होलला बोगी करण्याच्या योग्यतेचा, खेळाडू दीडशे यार्डांवरून सात नंबरच्या आयर्नने दहा चेंडू मारतो, तेव्हा ते वीस पावले इकडे आणि वीस पावले तिकडे विखुरतात, निम्मे तर आखूड पडतात. अशा माणसाने बंकरच्या कडेला रोवलेल्या निशाणावर दृष्टी खिळवली, तर त्याच्या फटक्यांचा मोठा हिस्सा त्या बंकरमध्येच जमा होणार. त्याने आपल्या विखुरण्याचा मध्य ग्रीनच्या मध्याशी जुळवावा, एक नंबर मोठा क्लब घ्यावा, आणि निशाण ज्या बाजूला असेल त्या बाजूची भुरळ टाळावी. आपण अर्जुन नाही हे जाणून नेम धरणे, यात मला अर्जुनाच्या एकाग्रतेपेक्षा कमी प्रतीची साधना दिसत नाही. कारण त्यासाठी आधी स्वतःचे यथार्थ ज्ञान लागते, आणि ते मिळवण्याच्या आड अहंकार सतत येतो. आपल्याकडच्या मैदानांवर, मग ते चेंबूरचे असो की येरवड्याचे, हा देखावा रोज दिसतो. कॅडी चेंडूपाशी उभा राहून वारा पाहतो, आणि 'साहेब, सहा नंबर घ्या' म्हणून क्लब पुढे करतो; साहेबांना तीन महिन्यांपूर्वी आठ नंबरने येथूनच ग्रीनवर पडलेला चेंडू आठवतो, ते आठ नंबर मागून घेतात, आणि चेंडू पंधरा यार्ड आखूड पडतो. कॅडीने त्यांचे शेकडो फटके पाहिलेले असतात आणि साहेबांच्या स्मरणात त्यांतला एकच उत्तम फटका असतो. अहंकाराचे दफ्तर असेच ठेवलेले असते. त्यात केवळ अनुकूल कागद जपून ठेवतात.

याच्या उलट, हँडिकॅपची जी जागतिक पद्धती 2020 सालापासून अमलात आली, तिच्या रचनेत मला मोठे शहाणपण दिसते. खेळाडूने आपल्या फेऱ्यांचे स्कोअर नोंदवायचे. शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम अशा आठच हिशेबात घ्यायच्या आणि त्यांच्या सरासरीवरून त्याची योग्यता ठरवायची. शिवाय एखाद्या होलवर कितीही आपत्ती आली, तरी हँडिकॅपपुरता त्या होलचा आकडा ठराविक मर्यादेपलीकडे धरायचा नाही. नोंद वीसांचीही पाहिजे, परंतु ओझे मात्र बारांचे वाहायचे नाही. फळाचा हिशेब आणि फळाची आसक्ती या दोहोंची जी गल्लत 'आकडे पाहूच नका' या सल्ल्यात होते, ती इथे टळलेली आहे. हिशेब ठेवल्यावाचून माणसाला स्वतःचे ज्ञान होत नाही. आणि हिशेबाचा आकडा सावकाराच्या तगाद्यासारखा प्रत्येक फटक्याच्या वेळी दारात उभा राहिला, तर हात मोकळा राहत नाही. म्हणून आकडा लिहावा होल संपल्यावर, त्याचा विचार करावा फेरी संपल्यावर, आणि टीवर जाताना तो कागदावरच राहू द्यावा.

पण या साऱ्याच्या मुळाशी एक अट आहे, आणि तिच्यापुढे मी वर सांगितलेले बाकी सर्व गौण मानतो. ती अट म्हणजे नोंद खरी पाहिजे. या अटीचे जे उदाहरण खेळाच्या इतिहासाने दिले, ते बॉबी जोन्स या हौशी खेळाडूचे. जोन्स हे जॉर्जियातले, पेशाने वकील, आणि स्पर्धांतून निवृत्त होईपर्यंत खेळाबद्दल एक पैही न घेता हौशीच राहिले. तरुणपणी त्यांचा क्रोध अनावर होता. 1921 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर बंकरमधून चेंडू निघेना, तेव्हा त्यांनी तो उचलून घेतला आणि स्पर्धेचा हिशेबच सोडून दिला. त्याच वर्षी अमेरिकेत त्यांनी रागाने फेकलेला क्लब एका प्रेक्षक स्त्रीच्या पायाला लागला, आणि तिथल्या गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना ताकीद दिली. चौदाव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत उतरलेल्या या असामान्य मुलाला 1923 पर्यंत एकही मोठे अजिंक्यपद मिळाले नाही. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले की समोरच्या माणसाशी खेळणे सोडून पारशी खेळायला शिकल्यावर त्यांचा खेळ बदलला. पार हा असा प्रतिस्पर्धी की जो कधी उसळत नाही आणि कधी ढासळतही नाही.

आणि मग 1925 साल आले. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे यू. एस. ओपनच्या पहिल्या फेरीत, अकराव्या होलपाशी, ग्रीनलगतच्या चढावरच्या दाट गवतात जोन्स यांचा चेंडू होता. क्लब टेकवताना त्यांना तो किंचित हललेला दिसला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. सोबतीला खेळणारे वॉल्टर हेगन आणि अधिकारी यांनी त्यांना परावृत्त करून पाहिले, प्रेक्षकांत चौकशी झाली, साक्षीदार मिळाला नाही, आणि अखेर निर्णय त्यांच्यावरच सोपवण्यात आला. जोन्स यांनी स्वतःवर दंडाचा एक फटका लिहून घेतला. चार फेऱ्यांअंती ते विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरीत आले, आणि छत्तीस होलांच्या जादा सामन्यात एका फटक्याने हरले. तो दंड घेतला नसता तर बरोबरी झालीच नसती. पुढे कोणी त्यांची स्तुती करू लागले की त्यांना ती अस्थानी वाटे; चोरी न केल्याबद्दल कोणी माणसाचे कौतुक करते काय, असा त्यांचा भाव असे.

ही हकीगत सत्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे; परंतु मला तिच्यात फलत्यागाचे एक दुर्मीळ प्रत्यक्ष रूप दिसते. त्या क्षणी जोन्स यांना स्पर्धा जिंकण्याची इच्छा नव्हती असे कोणी म्हणणार नाही. ती असणारच, आणि तीव्र असणार. ती इच्छा असूनही, काय घडले याची नोंद करताना तिला तिथे उभे राहू दिले गेले नाही. इच्छा नाहीशी होणे आणि इच्छेचा अंमल संपणे या निराळ्या अवस्था आहेत, आणि पहिली अवस्था साधली नाही म्हणून दुसरीचा उद्योग सोडण्याचे कारण नाही. पाच वर्षांनी, 1930 मध्ये, त्यांनी ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांची हौशी आणि खुली अशी चारही अजिंक्यपदे एकाच हंगामात मिळवली, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून निवृत्त झाले. 1925 च्या सत्यामुळे 1930 चे यश आले, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे फळाचे आमिष दाखवून सत्य विकणे होय. परंतु एवढे खात्रीने म्हणता येते की जो हौशी खेळाडू मित्रांच्या संमतीने पहिला चुकलेला फटका मोजत नाही, चार फुटांचा पट 'झालाच' म्हणून उचलतो आणि झाडीतल्या दोन प्रयत्नांचा एक करतो, त्याचा स्कोअर कमी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कमी करायला त्याच्याजवळ खरा आकडाच नसतो.

अभ्यासाविषयी थोडे सांगणे उरले. सरावाच्या जागी एकाच ठिकाणी उभे राहून ड्रायव्हरचे चेंडू भराभर मारण्यात हौशी माणसाचा फार वेळ जातो. ब्रॉडी यांच्या हिशेबाप्रमाणे चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधला सुमारे दोन-तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांतच असतो, त्यामुळे लांबच्या खेळाची उपेक्षा करावी असे म्हणवत नाही. तथापि ज्याला आठवड्यात दोनच तास मिळतात, त्याने त्यांतला बराच भाग शंभर यार्डांच्या आतल्या फटक्यांना आणि लांबचा पट होलच्या जवळ नेऊन ठेवण्याला द्यावा, असे माझे मत आहे, कारण तिथे वयाने आणि शरीराने घातलेल्या मर्यादा सर्वांत कमी जाचतात. आणि प्रत्येक चेंडूपूर्वी मागे सरून लक्ष्य ठरवावे, मग पुढे यावे. पतंजलींनी आणि गीतेनेही मनोनिग्रहासाठी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने जोडीने सांगितली, ती जोडी मोडली की एकीकडे यंत्रवत् श्रम उरतात आणि दुसरीकडे आळशी तत्त्वज्ञान.

तर मग, स्कोअरसाठी स्कोअरची आशा सोडणारा माणूस दांभिक ठरतो काय? गीतेच्या बाराव्या अध्यायात साधकाला पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत सवलती दिल्या आहेत: चित्त स्थिर करता येत नसेल तर अभ्यास कर, तोही होत नसेल तर ईश्वरार्थ कर्म कर, तेही जमत नसेल तर निदान कर्मफळाचा त्याग कर. अपुऱ्या माणसाला दारातून परत पाठवणारे हे शास्त्र नाही. लोभाने आलेल्यालाही ते आत घेते, आणि मग त्याच्याकडून जे करवून घेते त्यात लोभाला हळूहळू काम उरत नाही. सुरुवातीला तो ग्रीनच्या मध्यावर नेम धरतो तो फटके वाचावेत म्हणून. कॅडीचे ऐकतो तेही त्याचसाठी. परंतु असे अनेकदा केल्यानंतर नेम नीट धरण्यातच त्याला रस वाटू लागतो, आणि चांगला निर्णय घेऊनही चेंडू बंकरमध्ये गेला तर तो निर्णयाला दोष देत नाही. तो या स्थितीला आला की नाही हे त्याने सतराव्या टीवर, आयुष्यातला सर्वांत चांगला स्कोअर हातातोंडाशी आलेला असताना तपासावे. तिथे आशा येईलच, छातीही धडधडेल. त्याने तिसऱ्या होलवर जो क्लब, जितका वेळ आणि जो नेम घेतला होता, तोच इथे घ्यावा, फटका मारावा, चेंडूपाशी चालत जावे, आणि होल संपल्यावर जो आकडा झाला असेल तो कार्डावर लिहावा.